पहिल्या दिवशी काही काढू नका!

मागे या सदरात घरगुती उद्योगाच्या हिशेबाच्या वहीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला आहे. "वही जमली हो, पण पाकिटावरच्या लेबलाचं काय? वजन बदललं की छापखाना, चव बदलली की छापखाना. घरच्या कॉम्प्युटरवर हे आपलं आपल्याला करता येणार नाही का?"

येईल. ठामपणे सांगते, कारण मी ते केलं आहे. आणि मी काही चित्रकलेची शिक्षिका नव्हे. बी.ए.ला माझा विषय मराठी. शाळेत अर्धा दिवस मराठी आणि इतिहास शिकवते. लहानपणी मी काढलेला पोपट बघून आमच्या बाई म्हणाल्या होत्या, "कावळा छान जमलाय हं!" तेव्हा मला जे जमलं ते तुम्हांला न जमण्यासारखं नाही. मात्र मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून आधी त्याच सांगते.

दीड हजारांची अद्दल

आमच्या थोरल्या जाऊबाईंना हे वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. भाऊजींचा कारखाना बंद पडला, तेव्हा घरात दोन मुलं शिकायची आणि डोक्यावर घराचं कर्ज. वहिनी दहावी शिकलेल्या. पण त्यांच्या हाताला चव अशी, की त्यांचं मेतकूट आणि चकलीची भाजणी एकदा खाल्ली की माणूस पुन्हा विचारत येतोच. तेच त्यांनी विकायला सुरुवात केली. आधी वाड्यात, मग ओळखीत, मग पेठेतल्या एका दुकानात.

दुकानात ठेवायचं म्हणजे लेबल हवं. माझ्या लेकाने फोनवर एक चित्र जुळवलं, त्यावर नाव टाकलं आणि ते व्हॉट्सॲपने छापखान्यात पाठवून दिलं. पाचशे लेबलं छापून आली. दीड हजार रुपये वहिनींनी पदरच्या डब्यातून मोजून दिले. गठ्ठा सोडून बघतो तर काय! अक्षरांच्या कडा पिसारलेल्या, आणि खालचा परवान्याचा क्रमांक तर वाचताच येईना. दुकानदाराने पाकिटं परत पाठवली. "वहिनी, माल सोन्यासारखा आहे, पण हा नंबर दिसला नाही तर मला विचारतील," म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. ती पाचशे लेबलं त्यांनी उलटी करून मुलांना गणितं सोडवायला दिली. त्या न बोलण्यानेच मला जास्त लागलं. चित्र आमच्या घरातून गेलं होतं ना!

तेव्हा नवरात्र चालू होतं. दिवाळीसाठी चाळीस किलो भाजणीची मागणी आलेली, म्हणजे अर्ध्या किलोची ऐंशी पाकिटं. मी वहिनींना म्हटलं, "लेबल मी करते. दहा दिवस द्या." म्हटलं खरं, पण कसं करायचं याचा मला पत्ता नव्हता.

फोटो आणि बेतणी

लेबल बिघडलं कशामुळे, ते आधी समजून घेऊ. फोनमधला फोटो किंवा चित्र हे बारीक बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. कॅनव्हासच्या कापडावर आपण क्रॉस-स्टिचचं फूल भरतो, तसं. लांबून फूल दिसतं, जवळ गेलं की टाके मोजता येतात. असं चित्र मोठं केलं की ठिपकेच मोठे होतात आणि कडा पिसारतात. त्यातून व्हॉट्सॲपने पाठवलं की चित्र आणखी दाबून लहान होतं. अक्षरांचं पीठ झालं ते यामुळे.

दुसऱ्या प्रकारचं चित्र म्हणजे ब्लाउजची कागदी बेतणी. तिच्यात ठिपके नसतात. इथून तिथपर्यंत सरळ रेघ, इथे एवढा गोलवा, एवढीच माहिती असते. तीच बेतणी लहान मुलीच्या मापाची करा नाहीतर मोठ्या बाईच्या, रेघ रेघच राहते. या प्रकाराला व्हेक्टर चित्र म्हणतात. लेबल, पत्रिका, प्रशस्तिपत्रक, फलक, जे जे छापायचं आहे आणि ज्यात अक्षरं आहेत, ते या प्रकारात करावं. मग लेबल असो की दुकानावरची पाटी, कडा धारदारच राहणार.

छापखानेवाले बहुधा यासाठी 'कोरल ड्रॉ' वापरतात. ते विकत घ्यावं लागतं. आपल्या कामाला 'इंकस्केप' नावाचा प्रोग्रॅम पुरतो, आणि तो फुकट आहे. फुकट म्हणजे चोरून आणलेला नव्हे बरं का! २००३ साली 'सोडीपोडी' नावाच्या जुन्या प्रोग्रॅमवरून चौघांनी तो वेगळा काढला. तेव्हापासून जगभरचे हौशी आणि जाणकार लोक तो मिळून वाढवीत आले आहेत. २०२० साली त्याची १.० ही आवृत्ती आली. इंकस्केप डॉट ऑर्ग या त्याच्या स्वतःच्या ठिकाणावरूनच तो उतरवून घ्यावा, भलत्या ठिकाणाहून नको.

रात्रीचा गोंधळ

पहिल्या रात्री जेवणं आटोपून, झाकपाक करून मी कॉम्प्युटरपुढे बसले. प्रोग्रॅम उघडला आणि छातीत धस्सच झालं. डावीकडे चित्रांची उभी ओळ, वर दोन पट्ट्या, खाली रंगांची रांग, उजवीकडे आणखी काही. मी आपली लेबल काढायलाच बसले. एक चौकोन ओढला, तो काळा निघाला. माउसचं चाक फिरवलं तर कागदच दिसेनासा झाला. परत आणायला काहीतरी दाबलं, तर अख्खा कागद तिरका! घाबरून आणखी दोन-चार कळा दाबल्या, तर उजवीकडचं सगळं गडप. रात्री साडेअकराला मी कॉम्प्युटर बंद केला आणि डोळे पुसले. हे म्हणाले, "अगं, छापखान्यात दे चारशे रुपये आणि मोकळी हो." रागावून नव्हे, सहजच म्हणाले. पण मला ते फार झोंबलं.

सकाळी चहा घेताना सासूबाईंनी विचारलं, "रात्री काय एवढं बिनसलं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावलेला नाही. त्या म्हणाल्या, "तू या घरात आलीस तेव्हा पहिल्याच दिवशी पुरणाचा घाट घातला होतास का? आधी दोन दिवस मोहरी कुठे, चिमटा कुठे, ते बघितलंस. मग फोडणी टाकलीस. इथे एकदम पुरणावर कशाला गेलीस?"

बघा, आठवीच्या मुलांना मी रोज सांगते, की निबंध लिहिण्याआधी प्रश्नपत्रिका नीट वाचा. आणि स्वतः मात्र! म्हणून आजचा माझा मुख्य सल्ला हाच. पहिल्या दिवशी काही काढू नका. अर्धा तास नुसतं हिंडून या. कुठे काय ठेवलं आहे ते बघा.

ओट्याची ओळख

प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की स्वागताची एक चौकट येते. त्यात कळांची पद्धत विचारली असेल तर ती 'इंकस्केप' हीच राहू द्यावी. दुसरी निवडली तर मी पुढे सांगते त्या कळा चालणार नाहीत. मग नवा कागद उघडावा.

मधोमध दिसतो तो कागद, आणि त्याच्या भोवती मोकळी जागा. ही मोकळी जागा म्हणजे आपला ओटा. त्यावर काही काढून ठेवलं तरी चालतं. कागदापुरतंच बाहेर काढायचं असं सांगितलं, तर ओट्यावरचं छापलं जात नाही. मी तिथे जास्तीची फुलं-पानं काढून ठेवते, चिरलेली कोथिंबीर बाजूला ठेवावी तशी.

वर आणि डावीकडे मोजपट्ट्या आहेत. डाव्या कडेला उभी ओळ ती हत्यारांची. अगदी वर मेनूची ओळ. तिच्या खालची पट्टी मात्र बहुरूपी आहे. तुम्ही जे हत्यार हातात घ्याल त्याप्रमाणे ती बदलते. चौकोनाचं हत्यार घेतलं की तिथे लांबी-रुंदीचे रकाने येतात, अक्षरांचं घेतलं की टाइप आणि आकार येतात. पहिल्या रात्री मला वाटलं की माझ्या हातून काहीतरी मोडतं आहे, म्हणून पट्टी बदलते आहे. तसं काही नाही. तिचा स्वभावच तो. फाइल उघडणं, जपणं, छापणं यांची आणखी एक पट्टी असते. ती कुणाकडे वर असते, कुणाकडे उजव्या कडेला उभी. दोन्ही बरोबरच.

खाली रंगांची रांग, म्हणजे आपला मिसळणाचा डबा. आणि त्याच्याही खाली एक बारीक ओळ असते. तिच्याकडे कुणी बघत नाही, पण सगळ्यांत कामाची तीच. डावीकडे सध्याचा रंग दिसतो, उजवीकडे तुम्ही किती पट मोठं करून बघत आहात ते दिसतं, आणि मधे चक्क सूचना लिहून येतात. आता ओढा, आता शिफ्ट दाबा, असं ती सांगत असते. अडलं की आधी ती ओळ वाचावी. शेजारणीला फोन नंतर.

हरवलेला कागद

नव्या बाईचा धीर सुटतो तो कागद हरवला की. म्हणून ही युक्ती तोंडपाठ करा. ५ ची कळ दाबली की अख्खा कागद समोर येतो. ४ दाबली की तुम्ही काढलेलं सगळं चित्र समोर येतं, आणि ३ दाबली की फक्त निवडलेली वस्तू. कितीही दूर भटकलात तरी ५ दाबा आणि घरी या.

माउसचं चाक नुसतं फिरवलं की कागद वर-खाली सरकतो, शिफ्ट धरून फिरवलं की आडवा सरकतो, कंट्रोल धरून फिरवलं की जवळ-लांब होतो. आणि कंट्रोल व शिफ्ट दोन्ही धरून फिरवलं की कागद तिरका होतो! माझं तेच झालं होतं. खालच्या ओळीत अगदी उजवीकडे 'आर' असं लिहिलेला रकाना आहे, त्यात ० घातलं की कागद सरळ. चित्र तिरकं झालेलं नसतंच, नुसतं आपलं बघणं तिरकं झालेलं असतं.

उजवीकडच्या चौकटी गेल्या तर एफ १२ दाबावी. तीच कळ त्या लपवते आणि तीच परत आणते. एखादी पट्टीच दिसेनाशी झाली तर वर 'व्ह्यू' मेनूत 'शो-हाइड' आहे, तिथे तिच्या नावापुढे खूण करावी. आणि घराची पार रयाच गेली असेल, तर 'एडिट' मेनूत 'प्रेफरन्सेस', त्यात 'सिस्टिम', आणि तिथे 'रीसेट प्रेफरन्सेस'. प्रोग्रॅम बंद करून उघडला की मांडणी पहिल्यासारखी होते. तुमची चित्रं जातात की काय अशी भीती नको. मांडणी बदलते, चित्रं जिथली तिथेच राहतात.

चुकलं तर कंट्रोल-झेड. एक पाऊल मागे. पुन्हा दाबलं की आणखी एक पाऊल. खारट झालेली आमटी अशी मागे घेता आली असती तर किती बरं झालं असतं!

पाच हत्यारं पुरेत

डावीकडे वीसएक हत्यारं आहेत. सगळी शिकायला बसू नका. पहिला महिना पाचांवर भागतं. वस्तू उचलायचा बाण, त्याची कळ एस. चौकोन, कळ आर. गोल, कळ ई. अक्षरं, कळ टी. आणि रेघेचा गोलवा बदलायचं हत्यार, कळ एन. या कळा दाबताना कीबोर्ड इंग्रजीवर असावा, मराठीवर नको. आणि अक्षरं लिहिताना मधेच एस दाबलं तर हत्यार न बदलता 'एस' हे अक्षरच उमटतं. आधी एस्केप दाबून बाहेर यावं. माझ्या पहिल्या लेबलावर 'मेतकूट'च्या पुढे असे तीन एस उमटले होते!

बाणाने वस्तूवर एकदा टिचकी मारली की भोवती लहान-मोठं करायचे बाण येतात. पुन्हा एकदा मारली की तेच बाण वाकडे होतात. ते फिरवण्यासाठी. आकार ओढताना कंट्रोल धरावी, म्हणजे वस्तू बेढब होत नाही, लांबी-रुंदीचं प्रमाण टिकतं.

रंगाचंही एक लक्षात ठेवा. प्रत्येक वस्तूला आतला रंग आणि काठाचा रंग असे दोन रंग असतात. साडीची अंग आणि किनार म्हणा ना! रंगांच्या रांगेत नुसती टिचकी मारली की आतला रंग बदलतो, शिफ्ट धरून मारली की काठाचा. रांगेच्या सुरुवातीला लाल फुलीची चौकट आहे, तिचा अर्थ 'रंग नाही'.

पहिला धडा: हिरवी खूण

आता दुसऱ्या दिवशीचा धडा. शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावर असते ना, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, ती काढायची. सोपी आहे, कामाची आहे, आणि तिला नियम आहे. ठिपका भरीव हवा, चौकोनाची बाजू ठिपक्याच्या व्यासाच्या दुप्पट हवी. पाकिटाची दर्शनी बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास निदान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० असेल तर निदान ४. वहिनींचं पाकीट दुसऱ्या गटातलं. म्हणजे ठिपका ४ मिलिमीटरचा, चौकोन ८ चा.

आधी कागदाचं माप. 'फाइल' मेनूत 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज' उघडून माप मिलिमीटरमध्ये करावं आणि लेबलाची लांबी-रुंदी घालावी. आमचं लेबल ८० रुंद आणि १२० उंच. हे आधी करावं. कापड मोजण्याआधी कात्री चालवू नये, तसंच हे.

मग आर दाबून एक चौकोन कसाही ओढावा. वरच्या बहुरूपी पट्टीत रुंदी ८, उंची ८ घालून एंटर दाबावं. लाल फुलीवर टिचकी, की आतला रंग गेला. शिफ्ट धरून हिरव्यावर टिचकी, की काठ हिरवा झाला.

आता ई दाबून गोल ओढा. इथे दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे वरच्या पट्टीतले रकाने त्रिज्येचे आहेत, व्यासाचे नव्हेत. म्हणून ४ नव्हे, दोन्हींत २ घालायचे. मी ४ घातले होते आणि गोल चौकोनाला जाऊन टेकला! दुसरं म्हणजे नवी वस्तू आधीच्या वस्तूचा रंग घेऊन येते. त्यामुळे हा गोल पोकळ निघेल. हिरव्यावर नुसती टिचकी मारून तो भरा, आणि शिफ्ट धरून लाल फुलीवर मारून त्याचा काठ काढून टाका.

गोल बरोबर मधोमध बसवायला डोळ्यांवर विसंबू नका. एस दाबून, शिफ्ट धरून दोन्ही वस्तू निवडा. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की उजवीकडे ओळीत लावायची चौकट उघडते. त्यातल्या मध्याच्या दोन खुणा, एक आडवी आणि एक उभी, दाबल्या की गोल मधोमध. शेवटी कंट्रोल-जी, म्हणजे दोघांची गाठ बांधली. आता ही खूण कुठेही न्या, सुटणार नाही.

ही खूण मला पहिल्यांदा जमली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. मी यांना हाक मारली. हे येऊन म्हणाले, "एवढंसं?" मी म्हटलं, "हो, एवढंसंच. पण मोठं करून बघा!" कंट्रोल धरून चाक फिरवलं. गोल पडदाभर झाला तरी त्याची कड तशीच तलवारीसारखी. हे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग आता नंबर दिसेल म्हणायचा."

अक्षरांचं काय?

मराठी अक्षरं युनिकोडमध्ये टाइप करावीत, फोनवर करतो तशीच. टाइपही फुकट मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' मला आवडतात. मुक्ता बारीक मजकुराला सुबक, बालू नावाला ठसठशीत. लेबलावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि कधीपर्यंत वापरावं याची तारीख, बॅच क्रमांक, करणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक यायलाच हवा. तो क्रमांक टाइप केल्यावर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. आपलीच चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

वजन आणि तारीख दर खेपेला बदलायची, बाकी लेबल तेच. त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-एल दाबून थरांची चौकट उघडावी आणि बदलणारा मजकूर वेगळ्या थरावर ठेवावा. खालच्या थराला कुलपाची खूण करून टाकली की त्याला धक्का लागत नाही. कुलूप लावलेल्या कपाटातली भांडी फुटत नाहीत, तसंच.

आता माझी शेवटची चूक ऐका. लेबल तयार झालं आणि मी मूळ फाइल घेऊन छापखान्यात गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझा टाइप नव्हता. पडद्यावर 'थालीपीठ' भलत्याच अक्षरांत, आणि ओळी इकडच्या तिकडे. नशीब, की पाचशेचा हुकूम देण्याआधी मी एक नमुना मागितला होता. घरी परत आले. मजकूर निवडून 'पाथ' मेनूत 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलं, की अक्षरांची चित्रं होतात. मग समोरच्याकडे टाइप असो वा नसो, काही बदलत नाही. पण हे फाइलच्या दुसऱ्या प्रतीत करावं. एकदा चित्र झालेला मजकूर पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाही. पहिली प्रत आपल्याकडे एस.व्ही.जी. म्हणून जपावी, आणि छापखान्याला पी.डी.एफ. द्यावी. पडद्यावरचा हिरवा कागदावर जरा मंद उतरतो, हेही आधीच ध्यानात घ्यावं. म्हणून नमुना बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि मग...

दहाव्या दिवशी नाही, अकराव्या दिवशी लेबलं आली. वहिनींनी एक उचललं, खिडकीशी नेऊन धरलं आणि तो चौदा आकडी क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, "दिसतोय गं." एवढंच. ऐंशी पाकिटं वेळेवर गेली.

दुकानदाराने नंतर पुन्हा मागणी दिली, ती भाजणीच्या चवीमुळे. लेबलामुळे विक्री वाढली असं मी म्हणणार नाही. पण परत काही आलं नाही, आणि पाकीट पुढे करताना वहिनींची नजर खाली जात नाही, हे मी बघितलं आहे.

पुढची गंमत मात्र सांगायलाच हवी. संक्रांतीच्या सुमाराला त्या दुपारच्या घरी आल्या. तिळाच्या चटणीचं लेबल हवं होतं. मी कॉम्प्युटर लावला आणि खुर्चीत बसायला गेले, तर त्या म्हणाल्या, "थांब. दर वेळी तुला किती त्रास द्यायचा? मला दाखव, मीच करते." मी म्हटलं, "वहिनी, आज काही करायचं नाही. आज नुसतं कुठे काय आहे ते बघायचं." त्या हसल्या. माउस त्यांनी पोळपाटावर लाटणं धरावं तसा दोन्ही हातांनी धरला होता. दोन मिनिटांत कागद हरवला. त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पाच दाबा." कागद परत आला.

"असं होय!" म्हणाल्या, आणि मुद्दाम पुन्हा हरवला. पुन्हा पाच दाबलं. असं चार-पाच वेळा केलं. आता वजन आणि तारीख त्या स्वतः बदलतात. एका लेबलाला मला बोलावतात, ते क्रमांक वाचून तपासायला.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. पहिला अर्धा तास काही न काढता नुसती जागेची ओळख करून घ्यावी.
२. कागद हरवला की ५, चुकलं की कंट्रोल-झेड, चौकटी गेल्या की एफ १२.
३. काढण्याआधी कागदाचं माप मिलिमीटरमध्ये घालावं.
४. नुसत्या टिचकीने आतला रंग, शिफ्टसह टिचकीने काठ.
५. मूळ फाइल आपल्याकडे, अक्षरांची चित्रं केलेली प्रत छापखान्याकडे.
६. एक नमुना बघितल्याशिवाय छपाई नको.

तर मैत्रिणींनो, एखाद्या दुपारी मागचं आवरून झालं की अर्धा तास काढा. कुठे अडलं, काय जमलं, ते जरूर लिहा. पुढच्या खेपेस रेघेला गोलवा कसा द्यायचा आणि कोयरी कशी काढायची ते बघू. तोवर हिरवी खूण तेवढी गिरवून ठेवा.